भाव आला, नंबर आला नाही

पहिल्यांदा स्वतःच्या हाताने शेअर विकत घ्यायचे ठरवले, तेव्हा आदल्या रात्री बराच विचार करून मी एक भाव मनाशी पक्का केला होता. सकाळी बाजार उघडल्यावर त्या भावाला ४०० शेअरांची लिमिट ऑर्डर, म्हणजे त्याहून जास्त भाव न देण्याच्या अटीची ऑर्डर, टाकली आणि पडद्यासमोर बसून राहिले. चालू भाव माझ्या भावापेक्षा थोडा वर होता. मधल्या वेळात धीर वाढला म्हणून मी ४०० चे ५०० केले. दुपारनंतर भाव हळूहळू उतरत गेला आणि अगदी माझ्या आकड्यावर येऊन टेकला. पाच-सहा मिनिटे तो तिथेच घुटमळला, त्या भावाला हजारो शेअरांचे सौदे झालेले मी डोळ्यांनी पाहिले, आणि मग तो वर निघून गेला तो त्या दिवशी पुन्हा खाली आलाच नाही. माझ्या ऑर्डरपुढे मात्र ‘पेंडिंग’ हा शब्द जसाच्या तसा होता. ब्रोकरकडे फोन केला, तेव्हा पलीकडच्या माणसाने शांतपणे सांगितले, “मॅडम, भाव आला होता, पण तुमचा नंबर आला नाही.”

त्या उत्तराचा मला फार राग आला. जो भाव सगळ्यांना दिसतो तो आपल्यालाही मिळतो, असे मी धरून चालले होते. नंबर कसला, तो कोण लावतो, माझ्या पुढे कोण उभे होते आणि ते खरोखर माझ्या आधी आले होते हे कोणी पाहिले, हे प्रश्न नंतर कित्येक महिने डोक्यातून गेले नाहीत. त्यांची उत्तरे शोधता शोधता मी एक्स्चेंजच्या, म्हणजे शेअर बाजाराच्या, यंत्रणेतच गुंतून गेले.

एक्स्चेंजमध्ये प्रत्येक शेअरची एक वही असते. तिला ऑर्डर बुक म्हणतात. वहीच्या एका बाजूला खरेदी करू इच्छिणारे आणि दुसऱ्या बाजूला विक्री करू इच्छिणारे, असे दोन गट समोरासमोर थांबलेले असतात. खरेदीच्या बाजूला जो सर्वांत जास्त भाव द्यायला तयार आहे तो सर्वांत पुढे, आणि विक्रीच्या बाजूला जो सर्वांत कमी भावात द्यायला तयार आहे तो सर्वांत पुढे. दोन्ही आघाड्यांमध्ये थोडी मोकळी जागा राहते, तिला स्प्रेड म्हणतात. समजा, विक्रीच्या बाजूला १००.१० ला ३०० शेअर आहेत, त्यामागे १००.१५ ला ७०० आणि १००.२० ला १,२०० आहेत. खरेदीची आघाडी १००.०० वर आहे. अशा वेळी कोणी १००.१५ पर्यंतच्या भावात १,२०० शेअर घेण्याची ऑर्डर पाठवली, तर यंत्र आधी १००.१० चे ३०० शेअर त्याला देते, मग १००.१५ चे ७०० देते, आणि उरलेल्या २०० शेअरांसाठी तोच माणूस १००.१५ या भावाला खरेदीच्या बाजूला सर्वांत पुढे उभा राहतो. क्षणापूर्वी जो घाईने घेणारा होता, तो आता वाट पाहणारा झाला. वहीची दोन्ही टोके सरकली, पडद्यावर भाव वाढला असे दिसले, आणि या सगळ्यात त्या कंपनीविषयी कोणी काहीही बोलले नाही.

या उदाहरणात एक बारीक गोष्ट आहे, जी मला समजायला वेळ लागला. तो माणूस १००.१५ द्यायला तयार असूनही पहिले ३०० शेअर त्याला १००.१० लाच मिळाले. सौदा नेहमी आधीपासून थांबलेल्याच्या भावाला होतो. जो थांबला आहे त्याने आपला शब्द आधीच जगासमोर लिहून ठेवलेला असतो, आणि नंतर येणाऱ्याने तो शब्द वाचून त्यावर सही करायची असते. म्हणून पडद्यावर मोठ्या अक्षरांत दिसणारा ‘चालू भाव’ हा खरे तर होऊन गेलेला भाव असतो. शेवटच्या सौद्याची ती नोंद आहे. पुढचा सौदा कोणत्या भावाला होईल हे पाहायचे असेल, तर त्या आकड्याच्या खाली, मार्केट डेप्थच्या तक्त्यात, कोण कुठे किती संख्येने उभे आहे ते पाहावे लागते.

आणि स्प्रेडही मला आता वेगळा दिसतो. ज्याला आत्ताच्या आत्ता हवे आहे तो समोरच्या बाजूचा भाव मान्य करतो, आणि ज्याला थांबणे परवडते तो आपल्याच बाजूला उभा राहतो. मधले अंतर हे थांबणाऱ्याची मजुरी आहे. कारण थांबणारा धोकाही पत्करतो: त्याने भाव लिहून ठेवल्यानंतर एखादी वाईट बातमी आली आणि ऑर्डर मागे घ्यायला त्याला क्षणभर उशीर झाला, तर कोणीतरी त्याच जुन्या भावाला आपला माल त्याच्या गळ्यात घालून मोकळा होतो.

एकाच भावाला अनेक जण असतील, तर पुढे कोण? बहुतेक शेअर बाजारांत याचे उत्तर आहे, जो आधी आला तो. आधी भाव पाहायचा, भाव सारखा असेल तर वेळ पाहायची. सगळीकडे मात्र असेच नाही. अल्प मुदतीच्या व्याजदरांच्या फ्यूचर्समध्ये, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवणाऱ्या कंत्राटांत, एका भावाला उभ्या असलेल्या सगळ्यांना त्यांच्या ऑर्डरीच्या आकाराप्रमाणे वाटून देण्याची पद्धतही वापरली जाते. तिच्या बाजूनेही बोलता येते, पण मला ती पटत नाही. ज्याच्याकडे मोठा आकडा लिहिण्याची ताकद आहे त्याला तिथे जास्त वाटा मिळतो, आणि जो सकाळपासून उभा आहे त्याच्या सकाळीला काही किंमत राहत नाही.

हे सारे वाचून समजले तरी मनाचे समाधान होईना, म्हणून मी घरी बसून ऑर्डरी जुळवणारा एक छोटा मॅचिंगचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. खरेदीची एक यादी, विक्रीची एक यादी, प्रत्येक भावाला एक रांग, आणि येणाऱ्या प्रत्येक ऑर्डरला ‘समोर कोणी जुळते का’ असे विचारणारे काही मोजके नियम, एवढाच त्याचा जीव होता. मूळ काम दोन रात्रींत झाले. खरी अडचण पुढे आली. दोन ऑर्डरी एकाच क्षणी आल्या तर काय करायचे, हे मला ठरवता येईना. दोन्हींना अर्धे-अर्धे द्यावे का? चिठ्ठी टाकावी का? एक्स्चेंज याचे काय करतात ते शोधले, तेव्हा कळले की तिथे ‘एकाच क्षणी’ हा प्रकारच ठेवलेला नाही.

ब्रोकरांकडून येणारे संदेश निरनिराळ्या प्रवेशद्वारांतून आत येतात. तिथे ऑर्डर धडपणे लिहिली आहे का, भाव त्या दिवसाच्या मर्यादेत आहे का, संख्या अवाजवी तर नाही ना, खात्यात मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी लागणारी ठेव, आहे का, असल्या तपासण्या होतात. काही ब्रोकरकडे, काही एक्स्चेंजकडे. त्यानंतर सगळे संदेश एका अरुंद दारातून जातात आणि तिथे प्रत्येकावर एक क्रमांक पडतो. एकदा क्रमांक पडला की वाद संपला. साधारणपणे एका शेअरच्या वहीवर एकच प्रोग्रॅम काम करतो आणि तो एका वेळी एकच संदेश हातात घेतो. लाखो माणसांच्या बाजाराच्या गाभ्यात असे एकामागून एक चालणारे काम असेल, अशी मला कल्पना नव्हती; मला वाटले होते की तिथे हजारो हात एकदम चालत असतील. हात अनेक असते, तर कोणाचा आधी पोचला हे ठरवता आले नसते.

या क्रमांकांचा आणखी एक मोठा उपयोग आहे. तीच क्रमवारी आणि तेच नियम दिले, तर दुसरा संगणकही अगदी तेच सौदे करील. म्हणून मुख्य यंत्राशेजारी राखीव यंत्र तोच क्रम गिरवत बसलेले असते, म्हणजे पहिले बंद पडले तर दुसऱ्याने त्याच ओळीपासून काम पुढे चालवावे. हा हस्तांतराचा क्षण किती नाजूक असतो हे १ ऑक्टोबर २०२० रोजी टोकियोत दिसले. तिथल्या यंत्रणेतला एक भाग बिघडला, राखीव भागाकडे काम आपोआप सरकायला हवे होते ते सरकले नाही, आणि संपूर्ण दिवसाचे व्यवहार थांबवावे लागले.

प्रोग्रॅम चालू लागल्यावर मी त्यात माझाच तो जुना दिवस घालून पाहिला. सकाळची ४०० शेअरांची ऑर्डर, तिच्यापुढे अंदाजाने धरलेले २३,००० शेअर, मग त्यांतल्या काहींनी दिवसभरात माघार घेतलेली. पुढच्याने ऑर्डर रद्द केली की एकही सौदा न होता आपण पुढे सरकतो, हे रांगेचे एक सुख तेव्हाच लक्षात आले. मग मी दुपारचा तो बदल घातला, ४०० चे ५०० केले, आणि माझी ऑर्डर रांगेच्या अगदी शेवटी गेली. नियम मीच लिहिला होता, कारण एक्स्चेंजचा नियम तसाच आहे: संख्या कमी केली तर जागा टिकते, पण संख्या वाढवली किंवा भाव बदलला तर ती नवी ऑर्डर समजली जाते. न्याय उघड आहे. मागे उभ्या असलेल्यांना माहीत असलेल्या आकड्यापेक्षा जास्त माल मला त्यांच्या आधी मिळावा, असे म्हणण्याचा अधिकार मला नव्हता. मी दुपारी शंभर शेअरांसाठी सकाळची जागा सोडून दिली होती, आणि ती कोणी माझ्याकडून हिरावून घेतली नव्हती. पडद्यावरच्या त्या ओळीकडे मी कितीतरी वेळ पाहत राहिले. फोनवरच्या माणसाचे वाक्य शब्दशः खरे होते.

वेळेवर हक्क बसला, की वेळेसाठी स्पर्धा लागणारच. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे एका किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद, सेकंदाचे पाच दशलक्षांश, लागतात. ज्यांचा धंदाच रांगेत पुढे राहण्यावर चालतो, त्यांना हा एक किलोमीटरही जास्त वाटतो. म्हणून त्यांनी आपले संगणक एक्स्चेंजच्याच इमारतीत भाड्याच्या जागेत आणून ठेवले. मग त्या इमारतीत कोणाची खोली जवळ आणि कोणाची लांब हा प्रश्न आला, आणि अनेक एक्स्चेंजनी सगळ्यांना सारख्याच लांबीच्या तारा द्यायला सुरुवात केली. जो जवळ आहे त्याची जास्तीची तार गुंडाळून ठेवायची. अमेरिकेत आयईएक्स या एक्स्चेंजने तर मुद्दाम सुमारे ६१ किलोमीटर तारेचे वेटोळे एका पेटीत ठेवले आहे. येणाऱ्या प्रत्येक ऑर्डरला त्यातून फिरून यावे लागते आणि सगळ्यांनाच ३५० मायक्रोसेकंदांचा उशीर होतो. तेवढ्या अवधीत एक्स्चेंजला बाहेरच्या बाजारांतले ताजे भाव कळलेले असतात, त्यामुळे बाहेरच्या भावांशी बांधलेल्या थांबलेल्या ऑर्डरचा जुना भाव कोणी सहज लुटून नेऊ शकत नाही. सारख्या लांबीच्या तारांची ही गुंडाळलेली भेंडोळी मला मनापासून आवडतात. रांग प्रामाणिक राहावी म्हणून कोणीतरी मीटरच्या हिशेबाने तार मोजली आहे.

पूर्वीच्या बाजारात हे मोजमाप नव्हते. तिथे सभागृहात उभे राहून ओरडून आणि हातांच्या खुणांनी सौदे होत. कोणाचा आवाज आधी ऐकू गेला हे ऐकणारा ठरवी. १९७१ मध्ये अमेरिकेत नॅसडॅक हा बाजार सुरू झाला तेव्हा संगणकाने फक्त भाव दाखवायचे काम केले, सौदा तरीही टेलिफोनवरच होई. १९७७ मध्ये टोरांटोच्या बाजाराने जुळवणीच संगणकाकडे सोपवायला सुरुवात केली. २७ ऑक्टोबर १९८६ ला लंडनमध्ये नियम बदलले आणि पडद्यावरचा व्यवहार सुरू झाला, तेव्हा शतकांची परंपरा असलेले तिथले सभागृह पाहता पाहता ओस पडले. भारतात १९९४ मध्ये नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने शेअरांचे व्यवहार सुरू केले ते सभागृह न बांधताच, उपग्रहाने जोडलेल्या टर्मिनलांवर. सभागृहात जागा असलेल्याला जे ऐकू येई ते बाहेरच्याला येत नसे. वहीला मात्र ऑर्डर पाठवणाऱ्याचे नावही पाहायचे नसते. भाव आणि क्रमांक या दोनच गोष्टी ती पाहते.

सकाळी बाजार उघडताना मात्र काही वेळ ही रांग बाजूला ठेवली जाते, आणि तो भाग मला फार सुंदर वाटतो. रात्रभरात बातम्या साचलेल्या असतात आणि कालचा भाव शिळा झालेला असतो. अशा वेळी पहिल्या येणाऱ्याला मनमानी भाव मिळू नये म्हणून अनेक एक्स्चेंज आधी काही मिनिटे फक्त ऑर्डरी गोळा करतात, सौदा करत नाहीत. मग प्रत्येक संभाव्य भाव घेऊन यंत्र विचारते, की या भावाला किती शेअर हात बदलतील? ज्या भावाला सर्वांत जास्त शेअरांचा सौदा होऊ शकतो, तो उघडण्याचा भाव ठरतो आणि सगळ्यांचे सौदे त्या एकाच भावाला होतात. जास्त भाव लिहिणाऱ्यालाही तोच, काठावरच्यालाही तोच. काही बाजारांत हा गोळा करण्याचा वेळ ठरलेल्या एका मिनिटातल्या कोणत्याही क्षणी संपवतात, म्हणजे शेवटच्या क्षणी खोटी मोठी ऑर्डर टाकून ती काढून घेण्याची सोय राहू नये.

यंत्र आज्ञाधारक असते, आणि त्याच्या या गुणाने मला सर्वांत जास्त घाबरवले आहे. ८ डिसेंबर २००५ रोजी टोकियोत जे-कॉम नावाच्या कंपनीचा शेअर पहिल्यांदाच बाजारात आला होता. मिझुहो सिक्युरिटीज या ब्रोकरकडे एका ग्राहकाची ऑर्डर होती: १ शेअर ६,१०,००० येनला विकायचा. टंकताना दोन आकड्यांची जागा बदलली आणि ६,१०,००० शेअर प्रत्येकी १ येनला विकायची ऑर्डर गेली. त्या कंपनीचे एकूण शेअर होते १४,५००. अस्तित्वातच नसलेल्या मालाची ही ऑर्डर यंत्राने घेतली. दिवसाच्या भावमर्यादेमुळे १ येनला सौदे झाले नाहीत, पण भाव खालच्या मर्यादेपर्यंत कोसळला. चूक लक्षात येताच ब्रोकरने ऑर्डर रद्द करण्याचे संदेश पुन्हा पुन्हा पाठवले, आणि एक्स्चेंजच्या प्रोग्रॅममधल्या एका दोषामुळे ते स्वीकारलेच गेले नाहीत. नुकसान सुमारे ४० अब्ज येनांचे झाले, एक्स्चेंजच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला, आणि पुढे न्यायालयाने एक्स्चेंजलाही भरपाईतला वाटा उचलायला लावला. त्या ब्रोकरच्या खोलीत रद्द करण्याची कळ दाबत बसलेल्या माणसाचा मी अनेकदा विचार करते. बोट कळेवर आहे, वहीतला आकडा झरझर उतरतो आहे, आणि यंत्र ऐकत नाही.

दुसरी भीती वही रिकामी होण्याची. ६ मे २०१० च्या दुपारी अमेरिकेतल्या बाजारात आधीच अस्वस्थता होती. तशात एका मोठ्या फंडाच्या विक्रीच्या प्रोग्रॅमने निर्देशांकाची ७५,००० फ्यूचर्स कंत्राटे विकायला काढली. तो बाजारात किती उलाढाल होते आहे एवढेच पाहून विकत होता, भाव किंवा वेळ पाहत नव्हता. खरेदीच्या बाजूला थांबलेले एकेक करून बाजूला झाले आणि काही मिनिटांत तिथला डाऊ जोन्स हा निर्देशांक कोसळून आदल्या दिवसापेक्षा सुमारे १,००० अंकांनी खाली गेला. काही चांगल्या कंपन्यांचे शेअर १ सेंटला विकले गेले, कारण वहीत त्या भावाशिवाय कोणी उरलेच नव्हते. मार्केट ऑर्डर म्हणजे ‘मिळेल त्या भावाला’, आणि मिळणारा भाव तोच होता. त्या दुपारी २ वाजून ४५ मिनिटे २८ सेकंदांनी शिकागोतल्या फ्यूचर्सच्या एक्स्चेंजवर स्वयंचलित नियमाने व्यवहार ५ सेकंद थांबले. तेवढ्यात खरेदीदार परतू लागले आणि फ्यूचर्सचा भाव वर वळला. नंतर २०,००० हून अधिक सौदे रद्द करण्यात आले. तेव्हापासून मी मार्केट ऑर्डर टाकत नाही. भाव लिहून न दिलेली ऑर्डर मला कोऱ्या चेकसारखी वाटते.

सौदा जुळला की वहीचे काम संपते आणि क्लिअरिंगचे सुरू होते. विकणारा माझ्या ओळखीचा नसतो, तो शेअर देईल की नाही हे मला माहीत नसते. म्हणून क्लिअरिंग हाऊस मधे उभे राहून विकणाऱ्यासाठी खरेदीदार आणि माझ्यासाठी विक्रेता होते. दिवसभराची सगळी देणी-घेणी एकमेकांत वळती करून उरलेली रक्कम आणि उरलेले शेअर तेवढे हलवले जातात. भारतात जानेवारी २०२३ पासून आणि अमेरिकेत २८ मे २०२४ पासून हे सगळे सौद्याच्या पुढच्या कामकाजाच्या दिवशी पुरे होते. ज्या जुळवणीला एक मिलिसेकंदही लागत नाही, तिची पूर्तता व्हायला अजून एक रात्र जावी लागते.

अलीकडेच मी पुन्हा एका शेअरच्या रांगेत उभी होते. सकाळी ५०० शेअरांची ऑर्डर टाकली आणि दिवसभर तिला हात लावला नाही. भाव बदलावासा वाटला, संख्या वाढवावीशी वाटली, पण जागा सोडली नाही. डेप्थच्या तक्त्यात माझ्या भावाला आधी ८,००० दिसत होते. दुपारी कोणीतरी ३,००० काढून घेतले आणि एकही सौदा न होता आकडा खाली आला. ते माझ्या पुढचे होते की मागचे, हे तक्ता सांगत नाही. बाजार बंद व्हायला थोडा वेळ असताना भाव त्या पातळीवर उतरला, सौदे सुरू झाले, आणि माझ्या ऑर्डरपुढे ‘१२०/५००’ असे आले. मग भाव एक टिक, म्हणजे सर्वांत लहान एक पायरी, वर सरकला. बंद होण्याची वेळ झाली, उरलेल्या ३८० शेअरांपुढे ‘रद्द’ असे उमटले, आणि दुसऱ्या दिवशी ते १२० शेअर खात्यात जमा झाले.